व्हीलचेअरसाठी टॅक्सी काढायची आहे? इंग्लंडमधलं लायसन्स, यादी आणि चालकाची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणारे एक मराठी गृहस्थ साध्या कारवर प्रायव्हेट हायरचं, म्हणजे बुकिंगवरच्या मिनीकॅबचं, काम करतात. व्हीलचेअर थेट आत जाईल अशी जुनी व्हॅन घ्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांनी विचारलंय: यासाठी वेगळं लायसन्स लागतं का? व्हीलचेअरवरचं प्रत्येक गिऱ्हाईक घ्यावंच लागतं का? चढवण्या-उतरवण्यात वेळ जातो, त्याचे जादा पैसे लावता येतात का? कंबर दुखते, तर सूट मिळेल का? आणि नाशिकला धाकट्या भावाला हाच धंदा करायचा असेल तर तिकडे काय नियम आहेत?

मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायसन्सिंग विभागात गाड्या तपासायचं काम केलंय आणि आता चालकांना व्हीलचेअर चढवण्या-बांधण्याचं शिक्षण देतो. त्यामुळे कागद आणि गाडी या दोन्ही बाजूंनी लिहितो. जे लिहितोय ते इंग्लंडपुरतं धरा. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचा लायसन्सचा कायदा वेगळा आहे.

व्हीलचेअर टॅक्सीचं असं वेगळं लायसन्स नसतं. लायसन्स तेच, जे बाकीच्यांना लागतं. फरक पडतो तो एका यादीमुळे. प्रत्येक कौन्सिलला व्हीलचेअर आत नेता येईल अशा गाड्यांची यादी ठेवावी लागते, आणि तुमची गाडी त्या यादीत गेली की ती चालवणाऱ्यावर जादा कर्तव्यं येतात. ती पाळली नाहीत तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. बहुतेक चालक रॅम्प, पट्टे, गाडीची किंमत यांचा हिशेब करतात आणि या यादीचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नातही तो डोकावतोय. अपंग प्रवाशांची जबाबदारी व्हॅन घेतल्यावर सुरू होईल असं तुम्ही धरून चालला आहात. ती आजच तुमच्यावर आहे. इक्वॅलिटी ॲक्ट 2010 मधलं व्हीलचेअरबद्दलचं कलम 165 कायदा झाल्यावर लगेच लागूच झालं नव्हतं. ते 6 एप्रिल 2017 ला लागू झालं, आणि तेव्हासुद्धा यादी ठेवायची की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर होतं. ज्या कौन्सिलने यादी केली नाही तिथे कलम नुसतं कागदावर. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला एका गावात हक्क होता आणि शेजारच्या गावात नव्हता. मग 2022 मध्ये टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर गाड्यांमधल्या अपंग प्रवाशांसाठी दुरुस्ती कायदा आला आणि 28 जून 2022 पासून यादी सक्तीची झाली. त्याच दिवसापासून साध्या कारच्या चालकांवरही कर्तव्यं आली. घडीची व्हीलचेअर असलेला प्रवासी तुमच्या कारमध्ये सीटवर बसू शकत असेल, तर त्याला घ्यायचं, व्हीलचेअर डिकीत ठेवायची, वाजवी मदत करायची आणि एक पेनीही जास्त लावायची नाही. प्रवाशाने आधी सांगितलं असेल तर आपली गाडी ओळखायला, सापडायलाही मदत करायची. हे कलम 164ए आणि 165ए मध्ये आहे. बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरलाही सूट नाही. प्रवासी अपंग आहे म्हणून बुकिंग नाकारलं किंवा जादा पैसे घेतले, तर तो ऑपरेटरचा गुन्हा.

आता लायसन्स. इथे दोन जाती आहेत. हॅकनी कॅरेज म्हणजे खरी टॅक्सी, जी रस्त्यात हात करून थांबवता येते आणि स्टँडवर उभी राहते. तिचा मूळ कायदा 1847 चा आहे. प्रायव्हेट हायर म्हणजे आपण मिनीकॅब म्हणतो ती, जिचं बुकिंग ऑपरेटरकडूनच यावं लागतं. लंडनबाहेर तिचा कायदा 1976 चा. हॅकनीला चालकाचं आणि गाडीचं अशी दोन लायसन्स लागतात. प्रायव्हेट हायरला चालक, गाडी आणि ऑपरेटर अशी तीन, आणि तिन्ही एकाच कौन्सिलची हवीत. तुमच्याकडे चालकाचं आहे, ऑपरेटर तुमचा ठरलेला आहे, म्हणजे नवीन लागेल ते फक्त व्हॅनचं लायसन्स.

पण इथे थांबून एक विचार करा. कायद्याने कौन्सिलला हॅकनीच्या संख्येवर मर्यादा घालता येते, मात्र आपल्या हद्दीत न भागलेली मोठी मागणी नाही अशी कौन्सिलची खात्री झाली असेल तरच. हे 1985 च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टचं कलम 16. बऱ्याच कौन्सिलांनी याला जोडून एक धोरण घेतलंय: नवी हॅकनी प्लेट (गाडीच्या लायसन्सची पाटी) द्यायची ती फक्त व्हीलचेअरच्या गाडीलाच. म्हणजे साध्या कारवर जी प्लेट तुम्हाला कधी मिळाली नसती, ती या व्हॅनवर मिळू शकते. स्टँडवर उभं राहता येतं, रस्त्यातलं भाडं घेता येतं. काही ठिकाणी अशा गाडीला वयाची मर्यादाही सैल असते, फी कमी असते. व्हॅन बघायला जाण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावरचं टॅक्सी धोरण उघडा आणि प्रायव्हेट हायर की हॅकनी हे आधी ठरवा. हॅकनीसाठी गाडीच्या अटी वेगळ्या असू शकतात. काही कौन्सिलांना मागच्या दाराने व्हीलचेअर चढवणारी गाडी स्टँडसाठी चालत नाही, कारण मागे दुसरी गाडी खेटून उभी असते आणि प्रवाशाला रहदारीत उतरवावं लागतं. त्यांना फुटपाथच्या बाजूचं दार लागतं. आणि जाहिरातीत स्वस्त दिसणाऱ्या जुन्या व्हॅन बहुतेक मागच्या दाराच्याच असतात. पैसे मोजल्यावर हे कळलं तर ती व्हॅन दारात उभी राहते.

लंडनची गोष्ट वेगळी. तिथली प्रत्येक काळी टॅक्सी व्हीलचेअर घेऊ शकते. नव्या गाड्यांना ही अट 1989 पासून होती आणि 2000 सालापासून सगळ्याच गाड्यांना लागली. म्हणून तिथे रस्त्यात हात केला की येणारी टॅक्सी आपल्याला घेऊ शकणार हे व्हीलचेअरवरच्या माणसाला ठाऊक असतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. बाकी इंग्लंडमध्ये हे भाग्य फार थोड्या शहरांत आहे, आणि तुमच्यासारखा एक माणूस व्हॅन घेतो तेव्हा त्या गावातल्या काही घरांचं दवाखान्यात जाणं, लग्नाला जाणं शक्य होतं.

यादीत गाडी घालताना कौन्सिल काय बघते, त्यासाठी सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. त्यात मोजमापाची एक नमुना व्हीलचेअर धरलेली आहे: लांबी 1,200 मिलिमीटर, रुंदी 700 मिलिमीटर, आणि माणूस बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंत 1,350 मिलिमीटर. एवढ्या मापाच्या व्हीलचेअरवरचा प्रवासी बसल्या जागी आत जाऊ शकला, सुरक्षित आणि बऱ्यापैकी आरामात प्रवास करू शकला आणि बाहेर येऊ शकला, तर गाडी यादीत जाते. गाडी घालायला तुमचा विरोध असेल तर 28 दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं.

मोजताना कुठे मोजायचं हे महत्त्वाचं. जाहिरातीत आतली उंची लिहिलेली असते. अडचण दारापाशी येते. एकदा तपासणीला आलेल्या व्हॅनची आतली उंची भरपूर होती, रॅम्प भक्कम, पट्टे नवे. मदतीला आलेल्या बाई रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या, आणि त्वचेला जखमा होऊ नयेत म्हणून जाड हवेच्या उशीवर बसणाऱ्या. रॅम्पवरून वर जाताना दाराच्या वरच्या चौकटीपाशी त्यांना मान खाली घालून कपाळ जवळजवळ गुडघ्यांना टेकवावं लागलं. रॅम्पच्या चढामुळे खुर्ची मागे कलते आणि नेमक्या त्याच क्षणी डोकं चौकटीखाली येतं. गाडी परत गेली. ज्याची मान ताठ आहे, ज्याला पाठीच्या कण्याचा आजार आहे, तो माणूस असा वाकूच शकत नाही. म्हणून टेप घेऊन जा, दाराच्या चौकटीची मोकळी उंची मोजा, आणि जमलं तर व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून बरोबर न्या.

कागदांपैकी एक सोडू नका. व्हॅन कारखान्यातून माल वाहणारी म्हणून निघाली आणि नंतर कुणीतरी तळ कापून रॅम्प बसवला असेल, तर त्या बदललेल्या रूपाला प्रवासी गाडी म्हणून मान्यता मिळाल्याचा दाखला हवा. तो पूर्ण टाइप अप्रूव्हलचा, म्हणजे त्या सगळ्या मॉडेलला मिळालेल्या मान्यतेचा, असेल किंवा त्या एकाच गाडीच्या तपासणीचा, ज्याला आयव्हीए म्हणतात. विकणारा म्हणतो, "खासगी वापरात होती, कधी लागला नाही." तुम्हाला लागेल. सीट आणि व्हीलचेअरचे पट्टे ज्या जमिनीत अडकतात त्या जमिनीची ताकद कुणीतरी तपासलेली आहे, एवढंच तो दाखला सांगतो, आणि धडक झाली तर त्यावरच सगळं अवलंबून असतं. गाडीत विजेवर वर-खाली होणारी लिफ्ट असेल तर तिची दर 6 महिन्यांनी जाणकाराकडून सखोल तपासणी बंधनकारक आहे, कारण ती माणसं उचलते. त्याचा खर्च आधीच धरा. साध्या रॅम्पला ही तपासणी लागत नाही, पण त्यावर किती वजन चालतं याची पट्टी वाचा. मोटरवर चालणारी व्हीलचेअर एकटीच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, वर माणूस. विमा कंपनीलाही स्पष्ट विचारा की भाड्याच्या प्रवासात माणूस व्हीलचेअरवर बसलेला असेल तर विमा लागू आहे ना, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

कलम 165 तुमच्याकडून काय मागतं ते आता सांगतो. प्रवाशाला व्हीलचेअरवर बसलेल्या स्थितीत न्यायचं. त्याला सीटवर बसायचं असेल तर व्हीलचेअर बरोबर न्यायची. सुरक्षित आणि वाजवी आरामात नेण्यासाठी लागेल ते करायचं. चढताना, उतरताना, सामान ठेवताना वाजवी मदत करायची. आणि यातल्या कशाचेही जादा पैसे घ्यायचे नाहीत. मोडलं तर 1,000 पौंडांपर्यंत दंड. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शिक्षा झाली की तुम्ही लायसन्सला लायक आहात का, हा प्रश्न कौन्सिल उघडते.

जादा पैशाच्या प्रश्नाचं उत्तर यात आलंच, तरी मीटरचं वेगळं सांगतो, कारण पळवाट तिथेच शोधली जाते. रॅम्प काढताना, खुर्ची आत घेताना, पट्टे लावताना मीटर चालू ठेवणं म्हणजे जादा पैसे घेणंच. सगळं बांधून झालं, तुम्ही चालकाच्या सीटवर बसलात, की मग मीटर. पोचल्यावर आधी मीटर बंद, मग पट्टे सोडायचे. प्रायव्हेट हायरमध्ये "मोठी गाडी पाठवली" म्हणून मिनीबसचा दर लावतात, तोही यातच मोडतो. प्रवाशाने मोठी गाडी हौसेने मागवलेली नाही.

प्रत्येक गिऱ्हाईक घ्यावंच लागतं का? जवळजवळ हो. एका फेरीत एकापेक्षा जास्त व्हीलचेअर घेण्याची सक्ती नाही. आणि व्हीलचेअर खरोखरच तुमच्या गाडीत सुरक्षितपणे नेता येत नसेल, समजा फार लांब किंवा फार जड आहे, तर तो बचाव कायद्यात आहे. पण तो तुम्ही सिद्ध करायचा असतो. गाडीतून न उतरता, काचेतून बघून "बसणार नाही" म्हणणाऱ्याला तो मिळत नाही. उतरा, बोला, मोजा, आणि नाही जमलं तर कारण सांगून दुसरी गाडी मिळवून द्यायला मदत करा. गाइड डॉगसारख्या मदतनीस कुत्र्याचं कलम वेगळं आहे, 168 पासून पुढे. तिथेही नकार नाही आणि जादा पैसे नाहीत.

कंबरेचं दुखणं मी हलक्यात घेत नाही. चढावर माणसासकट खुर्ची ढकलणं हे अंगमेहनतीचं काम आहे. कलम 166 खाली वैद्यकीय कारणाने, किंवा शरीराच्या स्थितीमुळे हे काम अशक्य किंवा फार अवघड असेल तर सूट मिळते. अर्ज कौन्सिलकडे करायचा, डॉक्टरांचा कागद द्यायचा. दाखला मिळाला की ठरलेल्या नमुन्याची सूचना पुढच्या काचेवर लावायची. नाकारला तर 28 दिवसांत कोर्टात जाता येतं. पण 2022 पासून या सुटीचा अर्थ आवळलाय. सूट फक्त हाताने मदत करण्यापुरती आहे. प्रवाशाला नेण्याचं आणि जादा पैसे न घेण्याचं कर्तव्य सूट असलेल्या चालकालाही आहे. मग मला प्रामाणिकपणे विचारायचंय: कंबर इतकी वाईट असेल की ढकलणं शक्यच नाही, तर याच कामासाठी ही गाडी का घ्यायची? दुखणं मध्यम असेल तर उत्तर गाडीच्या निवडीत आहे. कमी चढाचा लांब रॅम्प, मागचा भाग खाली बसणारी गाडी, किंवा खुर्ची ओढून घेणारी विंच असलेली गाडी बघा, आणि फिजिओथेरपिस्टला तुमच्या कामाचं वर्णन करून सल्ला घ्या.

बांधण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लायसन्सचा कागद कितीही बरोबर असला तरी माणूस सुखरूप पोचतो तो यामुळे. आधी प्रवाशाशी बोला, त्याच्या खुर्चीला हात लावण्याआधी विचारा. ती खुर्ची त्याच्या अंगाचा भाग आहे असं समजून वागा. चढवताना त्याचं तोंड पुढे, उतरवताना पाठ पुढे, म्हणजे तो खाली घसरणार नाही. खुर्चीचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असावं, किंवा गाडी तशी बनवलेली असेल तर पाठ बल्कहेडला (चालकामागच्या आडव्या भिंतीला) लावून मागे. जुन्या काळ्या टॅक्सीत ती अशी उलटी असते. आडवी मात्र कधीच नाही. ब्रेक लावा, मोटरची खुर्ची असेल तर बंद करा. मग चार पट्टे: दोन पुढे, दोन मागे. हूक खुर्चीच्या पक्क्या चौकटीला लावायचा. चाकाला, हाताच्या टेकूला, पाय ठेवायच्या पाट्यांना किंवा सुटा होणाऱ्या कुठल्याही भागाला लावायचा नाही. हलवून बघा, खुर्ची हलता कामा नये.

इतकं केल्यावर बरेच चालक थांबतात. खुर्ची बांधली, माणूस मोकळाच राहिला. खुर्चीला स्वतःचा कमरपट्टा असतो, त्यावर भरवसा ठेवतात. तो पट्टा नीट बसण्यासाठी असतो, धडकेसाठी नाही. गाडीचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा माणसाला वेगळा लावायचा, आणि तो हाताच्या टेकूंच्या आतून, कमरेच्या हाडावर खाली बसला पाहिजे. टेकूंच्या वरून घेतला की पट्टा पोटापासून दूर राहतो आणि झटका बसला की माणूस त्याखालून सरकतो. वर्गात मी चालकांना स्वतः खुर्चीत बसवून हळू वेगात एक वळण घ्यायला लावतो, आधी पट्टा टेकूंच्या वरून आणि मग आतून. त्यानंतर पुन्हा सांगावं लागत नाही.

आता नाशिक. तिथे चित्र अगदी वेगळं आहे आणि भावाला हे स्पष्ट सांगा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम 41 सरकारला सांगतं की वाहतुकीची सर्व साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी करा, जुन्यांत शक्य तिथे तसे फेरफार करून घ्या, आणि परवडेल अशा वैयक्तिक प्रवासासाठी सवलती द्या. पण ते सरकारला सांगितलेलं आहे, टॅक्सीवाल्याला नाही. 2017 च्या नियमांत वाहतुकीचं माप दिलं ते बसचं. टॅक्सी त्यात नव्हतीच. पुढे 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतूरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला नियम 15(1) नुसता शिफारशीसारखा आहे म्हणून मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानकं करायला सांगितली. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 खाली गुन्हा आहे, पण व्हीलचेअरसाठी वेगळं काही त्यात नाही. शिवाय आपल्याकडे सीएनजीची टाकी डिकीत असते, त्यामुळे टॅक्सीवाल्याची इच्छा असली तरी घडीची व्हीलचेअर ठेवायला जागा राहत नाही. हे ज्यांच्या घरात व्हीलचेअर आहे त्यांना पाठ आहे.

गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. 2019 च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी गाडी बदलून घेण्याला आरटीओच्या मान्यतेने वाट दिली. पण त्या कायद्यातली अशा गाडीची व्याख्या म्हणते की ती फक्त त्या दिव्यांग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरलेली असावी. घरातल्या माणसासाठी बदललेली कार त्यात सहज बसते. रोज नवा प्रवासी नेणारी टॅक्सी बसते का, हा वाद निघू शकतो. म्हणून भावाने गाडीची जमीन कापायला देण्याआधी आरटीओकडे लेखी अर्ज करावा. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: असा बदल भाड्याच्या गाडीला मान्य होईल का, सीट कमी झाल्यावर नोंदणी पुस्तकात किती आसनं लिहिली जातील, आणि त्या आसनसंख्येवर कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचा परवाना आणि कर कुठला लागेल. बदल करणाऱ्या कारागिराकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेचा तपासणी दाखला आहे का तेही विचारावं. लेखी उत्तर येईपर्यंत त्याने गाडी कापायला देऊ नये, आणि तुम्हीही कौन्सिलचं धोरण वाचून, दाराची उंची मोजून होईपर्यंत त्या व्हॅनवर बयाणा देऊ नका.